पाहुण्याचा धर्म

नीतिशास्त्रातील मोठे प्रश्न पुष्कळदा अगदी क्षुल्लक वस्तूंच्या आश्रयाने राहतात. राज्य, युद्ध, न्याय, दंड यांविषयी विचार करताना आपण सावध असतो. शब्द तोलून वापरतो. पण सरोवराच्या काठी फिरताना एखादा सुंदर खडा दिसला आणि तो उचलून खिशात टाकला, तर या कृतीला नीतीची काही बाजू आहे असे आपल्याला वाटतही नाही. खड्याला वेदना नाही, त्याचा वियोग कोणाला जाणवणार नाही, आणि उचलणाऱ्याच्या मनात पाप नाही. मग दोष कोठे राहिला? तरीसुद्धा जगात अशी काही स्थळे आहेत की जेथे हा खडा उचलू नये असा स्पष्ट नियम आहे, आणि तेथे जाणारे बहुसंख्य लोक तो नियम कोणी पाहत नसतानाही पाळतात. ते का पाळतात, आणि त्यांनी तो का पाळावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा शोध घ्यावयाचा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांसमोर ठेवू. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवर हे क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर असून सर्वाधिक खोली चारशे मीटरांहून अधिक आहे. या सरोवराच्या वायव्य भागात आइल रॉयल नावाचे एक बेट आहे. लांबी सुमारे ७२ किलोमीटर, रुंदी जेमतेम १४. भोवती चारशेहून अधिक लहान लहान बेटांचा परिवार. बेटाच्या पोटात पुन्हा सरोवरे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या सिस्किविट सरोवरात पुन्हा एक लहानसे बेट आहे. पाण्यात भूमी, भूमीत पाणी, त्या पाण्यात पुन्हा भूमी, अशी ही रचना पाहून एकात एक बसविलेल्या डब्यांची आठवण व्हावी.

परंतु या बेटाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पाषाणात आहे. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचे खंड मध्यभागी दुभंगू लागले आणि त्या भेगेतून शिलारसाचे पूर एकामागून एक बाहेर पडले. त्या रसाचे थरावर थर साचले. पुढे भेग रुंदावण्याचे थांबले, मधला भाग आपल्याच भाराने खचला आणि थरांना परातीसारखा खोलगट आकार आला. आज त्या परातीची एक कड आइल रॉयल म्हणून पाण्यावर डोकावते, तर दुसरी कड सरोवराच्या दक्षिणेस किविनॉ द्वीपकल्पात वर येते. बेटावरचे थर आग्नेयेकडे कललेले, तर द्वीपकल्पावरचे वायव्येकडे. दोहोंमधील सारा पसारा पाण्याखाली. म्हणूनच बेटावरील डोंगररांगा सर्व एकाच दिशेने, एकमेकींना समांतर धावतात. त्यांचा वायव्येकडील उतार कड्यासारखा तुटलेला, आणि आग्नेयेकडील मात्र सौम्य. बेटाचा कणा असलेली ग्रीनस्टोन नावाची रांग ज्या एका लाव्हाप्रवाहाची बनली आहे, त्याची जाडी काही ठिकाणी दोनशे मीटरांहून अधिक भरते. नंतर हिमयुगात हिमनद्यांनी मऊ थर खरवडून काढले, कठीण थर तसेच उभे राहिले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटले. त्याच्या ओझ्यातून मोकळी झालेली ती भूमी अद्यापही अगदी मंद गतीने वर उचलली जात आहे. जुने किनारे आपल्या गोट्यांसह आज आतल्या वनात उंचावर सापडतात.

महाराष्ट्रात किंवा माळव्यात वाढलेल्या वाचकाला या पाषाणाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. सह्याद्रीचा कातळ आणि इंदूर-धारकडील काळे पठार ही अशाच शिलारसाच्या पुरांची निर्मिती होय. फरक वयाचा आहे. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आइल रॉयलचा त्याच्या सोळा-सतरा पट जुना. थंड होणाऱ्या रसात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे उष्ण पाण्याने खनिजे आणून भरली, हेही दोन्हीकडे सारखेच. आपल्याकडे अजिंठा-वेरूळच्या वाटेवर पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचे जे गड्डे विकावयास ठेवलेले दिसतात, ते अशाच पोकळ्यांतले झिओलाइट. आइल रॉयलच्या पोकळ्यांत इतर खनिजांबरोबरच क्लोरास्ट्रोलाइट नावाचा गर्द हिरवा, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेला खडा मिळतो, आणि शुद्ध धातुरूप तांबेही मिळते. हाच तो हिरवा खडा. १९७२ साली मिशिगन राज्याने त्याला आपले राज्यरत्न म्हणून मान दिला. आणि ज्या बेटावरून त्याला कीर्ती मिळाली, तेथून तो उचलण्याची मात्र मनाई आहे.

हे बेट राष्ट्रीय उद्यान व्हावे असा निर्णय १९३१ साली झाला व १९४० साली ते प्रत्यक्षात आले. १९७६ साली त्याची जवळजवळ सर्व भूमी कायद्याने अरण्यप्रदेश म्हणून घोषित झाली. अमेरिकेच्या १९६४ च्या ज्या कायद्याखाली हे घडले, त्याची मध्यवर्ती कल्पना अशी की, पृथ्वीवरील काही भूभागांत माणसाने स्वतःला केवळ पाहुणा समजावे; यावे, राहावे आणि निघून जावे. त्याप्रमाणे बेटावर मोटारीचा रस्ता नाही. नावेने वा जलविमानाने पोहोचावयाचे, पाठीवर राहुटी आणि शिधा घ्यावयाचा, ठरवून दिलेल्या तळांवर उतरावयाचे. बऱ्याच तळांवर लाकडाची शेकोटी पेटविता येत नाही. लहानशा स्टोव्हवर अन्न शिजवावे लागते. केरकचरा होईल तो आपल्याबरोबर परत न्यावयाचा. कुत्रे आणावयाचे नाही. पाणी स्फटिकासारखे निर्मळ दिसले तरी ते उकळल्याशिवाय वा गाळल्याशिवाय प्यावयाचे नाही, कारण लांडग्यांच्या पोटातील एका कृमीची अंडी त्यात असण्याचा संभव असतो. हिवाळ्यात बेट माणसांना सर्वस्वी बंद. अशा शिस्तीत चार-सहा रात्री काढलेला मुक्कामी परतण्याच्या दिवशी किनाऱ्यावर उभा आहे, पायाशी हिरवा खडा आहे, आणि आसपास कोणी नाही. आता त्याने काय करावे?

खडा उचलू नये याचे पहिले उत्तर आपल्या सर्वांच्या तोंडी असते: प्रत्येकाने एकेक उचलला तर काय उरेल? हे उत्तर गणिताचे आहे. आणि गणित तपासून पाहावयास हरकत नाही. या बेटावर वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असते. दुर्मीळ हिरव्या खड्याच्या बाबतीत हे गणित कदाचित खरे ठरेल. पण त्याच्या शेजारचा साधा काळा गोटा घ्या. लाटा असे गोटे कड्यांतून रोज घडवीत असतात. एकेका पाहुण्याने एकेक नेला तरी बेटाला त्याचा पत्ता लागणार नाही. मग काळा गोटा उचलणे निर्दोष आणि हिरवा उचलणे सदोष, असे म्हणावयाचे काय? शिवाय या उत्तराला आणखी एक उणीव आहे. 'प्रत्येकाने उचलला तर' या कल्पनेला मुक्कामी सरळ सांगू शकतो की, प्रत्येकजण उचलीत नाही. इतर लोक नियमाने वागतात, म्हणूनच माझ्या एकट्याच्या उचलण्याने काही बिघडत नाही. दुसऱ्यांच्या सदाचारावर आपली मोकळीक उभारणारा हा युक्तिवाद आपल्याला ओंगळ वाटतो खरा. पण तो ओंगळ का वाटतो, हे गणिताला सांगता येत नाही.

दुसरे उत्तर मालकीचे. खडा आपला नाही, तो राष्ट्राचा आहे, म्हणून तो घेणे ही चोरी. आपल्या परंपरेच्या भाषेत, येथे अस्तेयाचा भंग होतो. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद आहे, परंतु नीतीच्या दृष्टीने ते थोडे डगमगते. कारण मालकीचा धागा मागे ओढीत गेलो की तो कोठे पोहोचतो हे पाहावे लागते. या बेटाला ओजिब्वे लोक मिनाँग म्हणत. मासेमारी, साखरेसाठी मेपल वृक्षांचा रस काढणे, अशा अनेक कारणांनी त्यांचे तेथे जाणे-येणे असे. त्यांच्याही पुष्कळ आधी, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून, माणसांनी तेथील कातळ दगडी घणांनी फोडून तांबे काढले. त्यांचे शेकडो खड्डे आणि टाकून दिलेले घण अद्याप सापडतात. १८४० च्या दशकात तहांच्या द्वारा हा प्रदेश संयुक्त संस्थानांकडे आला, आणि लागलीच खाणवाल्या कंपन्या तेथे पोहोचल्या. त्यांनी वने जाळली, विवरे खणली, आणि नफा न दिसताच त्या निघून गेल्या. ज्या सत्तेने त्या दिवशी संपूर्ण डोंगर फोडावयास परवानगी दिली, तीच सत्ता आज एक खडा उचलू नको म्हणते. तिला तसा अधिकार नाही असे मी म्हणत नाही. पश्चात्तापानंतर केलेला नियम हा काही कमी प्रतीचा नियम नव्हे. परंतु नियमाचे बळ केवळ सातबाऱ्यावरील नावात असते, तर मालक बदलताच नीतीही बदलली असती. १८४५ साली जे योग्य ते १९४५ साली अयोग्य, असे मानावे लागले असते. आपल्या मनाला हे पटत नाही.

म्हणून तिसऱ्या उत्तराकडे वळावे लागते. आणि ते अस्तेयाचे नसून अपरिग्रहाचे आहे. पतंजलीने यमांमध्ये या दोहोंची गणना स्वतंत्रपणे केली, ती उगाच नव्हे. अस्तेय विचारते, ही वस्तू कोणाची? अपरिग्रह विचारतो, ही वस्तू माझ्याजवळ असण्याचे कारण काय? पहिल्या प्रश्नाला मालक सापडला की तो संपतो. दुसरा मालक नसलेल्या वस्तूलाही लागू पडतो. किनाऱ्यावरच्या खड्याला ११० कोटी वर्षांचा इतिहास आहे. तो ज्या पोकळीत घडला, ज्या थरातून सुटला, ज्या लाटांनी घासला गेला, त्या साऱ्यांशी त्याचे नाते तेथे, त्या किनाऱ्यावरच वाचता येते. मुक्काम्याच्या घरातील कपाटात गेल्यावर त्याचा तेवढा इतिहास पुसला जातो आणि त्याच्या जागी एकच ओळ उरते: 'मी तेथे गेलो होतो.' अब्जावधी वर्षांच्या ग्रंथावर आपल्या चार दिवसांच्या सहलीचा शिक्का उमटविण्यासारखे हे आहे. खड्याचे यात काही बिघडत नाही हे मान्य करू. बिघडते ते पाहणाऱ्याचे. सुंदर वस्तू दिसली की ती घ्यावीशी वाटणे आणि सुंदर वस्तू दिसली की ती पुरेशी पाहावीशी वाटणे, या दोन वृत्ती एकाच मनात फार काळ सुखाने नांदत नाहीत. ज्याचा हात लवकर पुढे होतो, त्याचे डोळे लवकर थकतात.

पाहुण्याची उपमा येथे आपल्याला अधिक जवळची वाटेल. आपल्या घरी आलेला पाहुणा निघताना यजमानीण त्याच्या हाती नारळ देते, शिदोरी बांधून देते. तो ते आनंदाने घेतो. तोच पाहुणा कोनाड्यातील एखादी लहानशी मूर्ती, घरात अशा दहा आहेत एवढ्याच कारणाने, पिशवीत टाकील तर? तिची किंमत चार आणेही नसेल. दुखावते ते वस्तूच्या किमतीमुळे नव्हे, पाहुणेपण मोडल्यामुळे. पाहुण्याने दिलेले घ्यावे, न दिलेले पाहावे. बेटाने मुक्काम्याला काय दिले? कातळावरची सकाळ, धुक्यातून ऐकू आलेली पाणपक्ष्याची हाक, आणि आपल्या आयुष्याचे माप फार लहान आहे हे कळण्याची संधी. ही शिदोरी पुरेशी नाही असे त्याला वाटत असेल, तर खड्याने ती पुरी होणार नाही.

येथवर आल्यावर विवेचन संपले असे वाटण्याचा संभव आहे. पण खरी अडचण येथून पुढे सुरू होते. 'मी कशालाही हात लावला नाही' असे म्हणणाऱ्या पाहुण्याचे समाधान कितपत खरे असते? आइल रॉयलवरील लांडग्यांची हकीकत या प्रश्नावर फार कठोर प्रकाश टाकते. विसाव्या शतकाच्या आरंभी मूस नावाचे प्रचंड हरिण या बेटावर आले. १९४०-५० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे आले. १९५८ साली या दोन प्राण्यांच्या परस्परसंबंधांचा जो अभ्यास सुरू झाला, तो आजतागायत चालू असून, शिकार आणि शिकारी यांचा तो जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला अभ्यास गणला जातो. १९८० साली बेटावर पन्नास लांडगे होते. १९८२ साली चौदा उरले. कुत्र्यांना होणारा पार्व्हो नावाचा विषाणुजन्य रोग त्यांच्यात पसरला होता. आणि तो माणसाबरोबर आलेल्या कुत्र्याकडून बेटावर पोहोचला असे अभ्यासक मानतात. ज्या कोणाचे ते कुत्रे असेल, त्याने कदाचित एक खडाही उचलला नसेल. शेकोटीची राखही त्याने मागे ठेवली नसेल. त्याच्या हातून झालेला स्पर्श त्याच्या दृष्टीस कधीच पडला नाही.

त्याहून व्यापक स्पर्श हवामानाचा. बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा बर्फाचा पूल पूर्वी वारंवार होई. अलीकडच्या दशकांत तो क्वचितच होऊ लागला. नवे लांडगे येईनात, आहेत त्यांच्यात रक्ताच्या नात्यांतच संतती होऊ लागली, आणि २०१६ साली सर्व बेटावर दोनच लांडगे शिल्लक राहिले. इकडे मूस वाढत वाढत २०१९ पर्यंत दोन हजारांवर गेले आणि फर वृक्षांची कोवळी रोपे खाऊन फस्त करू लागले. तेव्हा अधिकाऱ्यांपुढे आणि अभ्यासकांपुढे प्रश्न उभा राहिला: बाहेरून लांडगे आणून सोडावेत, की अरण्यात ढवळाढवळ करावयाची नाही या तत्त्वाला जागून जे होईल ते पाहत राहावे?

दोन्ही बाजूंस विचारी माणसे होती. एक पक्ष म्हणे, अरण्य म्हणजे ज्याचे आपण नियमन करीत नाही ते. आपल्याला आवडेल तसे अरण्य घडवू लागलो तर ती बाग होईल, अरण्य राहणार नाही. हा आक्षेप हलका नव्हे. माणसाच्या हस्तक्षेपाचा इतिहास सदिच्छेने भरलेला आहे, आणि सदिच्छेने झालेल्या हानीनेही. दुसरा पक्ष म्हणे, बर्फाचा पूल आम्हीच वितळविला, रोग आम्हीच आणला. आता हात बांधून उभे राहणे हे तत्त्व नसून सबब आहे. शेवटी २०१८ साली निर्णय झाला, आणि त्या वर्षी व पुढील वर्षी मिळून एकोणीस लांडगे बेटावर आणले गेले. त्यांतील पहिले चार ग्रँड पोर्टेज येथील ओजिब्वे लोकांच्या राखीव भूमीतून आले. त्यांच्यापैकी एक मादी त्याच हिवाळ्यात, बर्फाचा पूल जमताच, चालत आपल्या मुलखास परत गेली. २०२४ साली बेटावर सुमारे तीस लांडगे मोजले गेले आणि मूसांची संख्या हजाराच्या खाली आली होती.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता. आणि तो योग्य का, हे पाहुण्याच्या धर्मावरूनच ठरविता येते. पाहुण्याच्या धक्क्याने यजमानाची घागर फुटली आणि तो म्हणू लागला की, परक्या घरातील वस्तूंना मी हात लावीत नसतो, तर त्याला आपण सभ्य म्हणणार नाही. 'हात न लावणे' हा धर्माचा आरंभ आहे. तो संपूर्ण धर्म नव्हे. आपल्या हातून काही मोडले नसेल तोवर न लावलेला हात शोभतो; मोडले असेल तर तो हात कामास लागला पाहिजे. मात्र येथे एक धोका स्पष्टपणे ओळखावयास हवा. 'दुरुस्तीसाठी' हा शब्द फार सोयीचा आहे. तांब्यासाठी डोंगर फोडणारेही देशाच्या भल्याचीच भाषा बोलत होते. तेव्हा दुरुस्तीसाठी लावलेला हात आणि लोभापोटी लावलेला हात यांत फरक कसा करावयाचा? मला दोन कसोट्या दिसतात. हात लावणाऱ्याने आपण काय मोडले हे आधी उघडपणे सांगितले आहे काय? आणि काम झाल्यावर तो रिकाम्या हातांनी परत जाणार आहे काय? लांडगे आणून सोडणाऱ्यांनी बेटावरून काही नेले नाही. खाणवाल्यांनी न्यावयाचे म्हणूनच बेट खणले.

या कसोट्यांनी आणखी एका प्रश्नाचा उलगडा होतो. अजिंठ्याच्या वाटेवर स्फटिक विकणारा गरीब विक्रेता आणि बेटावरून खडा खिशात घालणारा सुखवस्तू मुक्कामी, यांना एकाच तराजूत घालू नये. विहिरी खणताना वा खाणीत निघालेल्या स्फटिकांवर ज्याचे पोट चालते, त्याला अपरिग्रहाचे व्याख्यान देण्याचा अधिकार ज्याचे पोट भरलेले आहे त्याला नाही. चार हजार वर्षांपूर्वी दगडी घणाने तांबे फोडणाऱ्याला हत्यारासाठी वा देवघेवीसाठी त्याची निकड होती. अपरिग्रहाचा प्रश्न गरज संपते तेथे सुरू होतो. आणि आजच्या मुक्काम्याला त्या खड्याची गरज नाही, हेच त्याच्यावरील बंधनाचे खरे कारण आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी वाचकाला पाहुणेपणाविषयी वेगळे काही सांगावयास हवे असे नाही. तंजावरास, बडोद्यास, ग्वाल्हेरीस वा हैदराबादेस गेलेल्या आपल्या पूर्वजांपैकी काही सत्ताधारी म्हणून गेले, काही कारकून म्हणून, काही केवळ पोटासाठी. ज्यांची आठवण त्या त्या गावी अद्याप गोडीने निघते, ते नेमके कोण होते याचा विचार करावा. त्या मातीला आपली म्हणताना तिच्यावरचा आधीच्यांचा हक्क जे विसरले नाहीत, आणि आपल्या हातून जे मोडले ते ज्यांनी आपल्या हातांनी सांधले, तेच ते होत. पृथ्वीवर माणूसजात अशीच उशिरा आलेली आहे. अकरा शतकोटी दिवसांचा नव्हे, ११० कोटी वर्षांचा कातळ आपल्या आधीपासून तेथे आहे, आणि आपण गेल्यावरही राहणार आहे.

तेव्हा किनाऱ्यावरील मुक्काम्याने खडा उचलून पाहावा. ओंजळीत पाण्यात बुडवून त्याचा हिरवा रंग उजळू द्यावा. मन भरेपर्यंत पाहावा. आणि जेथला तेथे ठेवावा. नावेत बसण्यापूर्वी त्याने आणखी एक गोष्ट करावी. आपण येताना येथे काय काय आणले, याचा हिशेब मनाशी मांडावा. खिसे रिकामे असणे एवढ्याने तो हिशेब पुरा होत नाही.